वारं गेलं, मूठ राहिली

आपल्याकडे पक्षाघात झाला असं कोणी म्हणत नाही. "अंगावरून वारं गेलं" म्हणतात. आलं आणि गेलं, उरलं ते नशीब. डॉक्टर स्ट्रोक म्हणतात, पेपरात पक्षाघात छापतात, भिवंडीच्या गोदामांतली हिंदी बोलणारी पोरं लकवा म्हणतात. शब्द कुठलाही घ्या, चर्चा सगळी पहिल्या दिवसाची असते. किती वाजता झालं, गाडी कधी मिळाली, ठाण्याला नेलं की मुंबईला, वाचला की नाही. वाचला म्हटलं की विषय संपतो.

आज मला पंचेचाळिसाव्या दिवसाबद्दल लिहायचंय. पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, बाकीच्यांनी सेव्ह करून ठेवा, कारण बीपी आणि साखर घरोघरी आहे.

माझ्या आईची उजवी बाजू गेली. वय ६८. नऊ दिवसांनी घरी आणली. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची यादी आणि सगळ्यात खाली एक ओळ: फिजिओथेरपी चालू ठेवणे. कुठे, कोणाकडे, किती दिवस, नेमकं काय, काही नाही. ते हॉस्पिटल कुठलं ते लिहीत नाही, कारण नंतर मी गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरी, अंबाडी या पट्ट्यातल्या दहा-बारा घरांतले कागद पाहिले. हॉस्पिटलं वेगवेगळी, ओळ तीच.

पहिला महिना हात ओल्या फडक्यासारखा होता. उचलून ठेवला तर तिथेच राहायचा. मग पाचव्या-सहाव्या आठवड्यात बोटं हळूहळू आत वळायला लागली, कोपर वाकायला लागलं. शेजारच्या बायका खूश. "ताकद येतेय बघ, आवळतेय मूठ." आणि एक गंमत सांगतो, तुमच्याही घरात झाली असेल. आईला जांभई आली की तो मेलेला हात आपोआप वर उचलला जायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा आत्याने हात जोडले. जांभई संपली की हात परत खाली. आईने स्वतः उचलायचा म्हटलं तर बोटभर हलत नव्हता.

दिवाळीपर्यंत मूठ घट्ट बंद. अंगठा आत, त्यावर चार बोटं. नखं तळव्यात रुतायला लागली. मुठीत घाम साठून चामडी पांढरी पडली, वास यायला लागला. माझी बायको रोज कापसाचा बोळा आत सरकवायची, तो बाहेर काढताना आई ओरडायची. ब्लाउजची बाही चढवायला दोघीजणी लागायच्या, कारण कोपर छातीशी चिकटलेलं. पाऊल आत वळलेलं, टाच टेकत नाही, चप्पल पायात राहत नाही. रात्री पोटरीत असा गोळा यायचा की घर उठायचं. लोक विचारतात, "आता कशा आहेत?" आपण म्हणतो, "बऱ्या आहेत." त्या 'बऱ्या'मध्ये हे सगळं असतं.

याला स्पास्टिसिटी म्हणतात. मराठीत शब्द आहे ताठरता, पण तो पुरत नाही. मेंदूतून मणक्यात सतत एक आवर घालणारा निरोप जात असतो, स्नायूंनो, गरज नसताना आवळू नका. पक्षाघातात ती तार तुटली की मणक्यातलं जाळं स्वतःच्या मर्जीने चालतं. यंत्रमागावर काम केलेल्यांना लगेच कळेल: माग चालू आहे आणि बंद करणारा माणूस जागेवर नाही. म्हणून ती आवळलेली मूठ ही ताकद नव्हे. आवळणं आलंय, सोडणं आलेलं नाही. पक्षाघातातून वाचलेल्यांत साधारण चारातल्या एकाला तरी हे होतं, आणि बऱ्याचदा ते दवाखान्यात नाही, घरी आल्यावर आठवड्यांनी-महिन्यांनी होतं. म्हणजे जेव्हा डॉक्टर समोर असतो तेव्हा हात मऊ असतो, आणि हात आवळतो तेव्हा समोर कोणी नसतं. सगळी अडचण या एका गोष्टीत आहे.

आईसाठी शोधलं तेव्हा भिवंडीच्या अलीकडे फिजिओथेरपिस्ट सापडली नाही. जाऊन-येऊन ईको गाडीचे बाराशे, तिची फी वेगळी. भिवंडी-वाडा रस्त्याबद्दल मी इथे किती वेळा लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे, आज परत लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्या खड्ड्यांतला प्रत्येक दणका म्हणजे आवळलेल्या स्नायूला एक झटका, आणि झटका बसला की तो आणखी आवळतो. तिथे पोचेपर्यंत आईचा हात निघतानापेक्षा कडक झालेला असायचा.

ती मुलगी तिशीच्या आतली. आईला आजी म्हणायची. पहिल्या दिवशी तिने काहीच केलं नाही, फक्त आईचं मनगट, कोपर, बोटं एकदा सावकाश आणि एकदा झटकन हलवून पाहिली. सावकाश केलं तर हात बराच उघडत होता, झटकन केलं की मध्येच अडत होता. तिने कागदावर '३' लिहिलं. ही मोजणी अ‍ॅशवर्थ नावाच्या डॉक्टरने १९६४ मध्ये काढली, १९८७ मध्ये तिच्यात थोडी सुधारणा झाली. शून्य म्हणजे काही ताठरता नाही, चार म्हणजे सांधा हलतच नाही. लक्षात घ्या, यंत्र नाही, रिपोर्ट नाही, एमआरआय नाही. शिकलेला हात पाहिजे, बास. आशाताईला दोन दिवस शिकवलं तर ती निदान एवढं ओळखेल की या घरात मूठ बंद व्हायला लागली आहे, आता पाठवायला हवं.

तिने जे दाखवलं ते इथे देतो, पण हे वाचून स्वतः डॉक्टर बनू नका, एकदा तरी जाणत्याकडून बघून घ्या. बोटं वरून ओढून उघडायची नाहीत. आधी मनगट आत वाकवायचं, मग बोटांचा ताण आपोआप कमी होतो, मग अंगठा मुळापासून बाहेर, मग बोटं, आणि बोटं उघडी ठेवून मनगट हळूहळू वर. घाई केली की हात भांडतो. माणसाला उठवताना त्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून कधीच ओढायचं नाही, खांदा निखळतो आणि मग जे दुखणं सुरू होतं ते महिनोन्‌महिने जात नाही. (आपल्याकडे सगळे असंच उचलतात. लग्नात आजोबांना स्टेजवर चढवताना बघा.) आणि तो पिवळा स्माइली बॉल. मूठ आधीच आवळलेली असेल तर ती आणखी आवळायची प्रॅक्टिस कशाला? उघडायची प्रॅक्टिस हवी.

मी तिला विचारलं, रोज तासभर ताण दिला तर हात सुटेल का? ती सरळ म्हणाली, "दादा, ताण देणं म्हणजे दात घासणं. सोडायचं नाही, पण त्याने हात चालू होत नाही. हात वापरल्याने चालू होतो." मी नंतर वाचलं तेही जवळपास तेच निघालं. २०१७ मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एक मोठा आढावा आला, त्यात नुसत्या ताणाने सांधे आखडणं फारसं थांबत नाही असं आढळलं. म्हणून तिने आईला कामं दिली. परात धरून ठेवायची, निदान दाबून ठेवायची, डाव्या हाताने पीठ मळायचं. टेबलावर आरसा उभा करून चांगला हात त्यात बघत हलवायचा, म्हणजे मेंदूला वाटतं दुसरा हलतोय. डॉ. रामचंद्रन यांनी हात तुटलेल्या माणसांच्या वेदनेसाठी काढलेली ही युक्ती पुढे पक्षाघातातही वापरात आली. भिवंडीच्या बाजारात आरसा दीडशे रुपयाला मिळाला. आईला सुरुवातीला हसू आलं, म्हणाली, "नटायचं वय गेलं पोरी."

आता कुंडांबद्दल. गणेशपुरीत राहून हे टाळता येणार नाही.

भगवान नित्यानंदांच्या समाधीला देशभरातून लोक येतात आणि त्यातले कितीतरी गरम पाण्याच्या कुंडांसाठी थांबतात. संधिवात, कंबर, आणि हो, वारं गेलेली माणसं. चार जण खुर्चीसकट उचलून आणतात. मी लहानपणापासून बघतोय. यावर दोन टोकाची मतं असतात, सगळं ढोंग आहे किंवा सगळं बरं होतं. खरी गोष्ट मधली आहे आणि ती साधी आहे. उष्णतेने आवळलेला स्नायू सैल होतो. खरंच होतो. पण थोड्या वेळापुरता. पाण्यातून बाहेर आल्यावर तासाभरात पुन्हा जैसे थे. मग त्या थोड्या वेळात काय केलं हे महत्त्वाचं. त्या मुलीने आईला सांगितलं होतं, आंघोळ झाली की लगेच हात उघडायचा व्यायाम, कारण तेव्हाच तो ऐकतो. कुंडावर आणलेल्या माणसाचं काय होतं? भिजवतात, पुसतात, टॉवेल गुंडाळून गाडीत बसवतात, पाच तासांचा प्रवास. नेमका हात उघडायच्या वेळी तो माणूस मुडपून सीटवर बसलेला असतो.

आणि धोका. आपल्या कुंडांतलं काही पाणी असं आहे की धडधाकट माणूस पाय घालून पटकन बाहेर काढतो. वारं गेलेल्या बाजूला कित्येकदा गरम-थंड कळत नाही. त्याला चटका बसतो आणि तो ओरडत नाही. नंतर घरी गेल्यावर फोड दिसतात, त्यात साखर असेल तर ती जखम महिनाभर भरत नाही. पाणी नेहमी चांगल्या हाताने किंवा सोबतच्याने तपासायचं. ही एक ओळ कुंडाशेजारी मोठ्या अक्षरात मराठी, हिंदी, गुजरातीत लिहायला किती खर्च येतो?

श्रद्धेवर मी बोलत नाही. बोलायचं तर लोक कबुतराचं रक्त चोळतात त्यावर बोलेन. आमच्याकडे तिघांनी तिसऱ्या दिवशी सुचवलं, एक जण पिंजरा घेऊनच आला. काही कुटुंबं राजस्थानात बुटाटी धामला जाऊन सात दिवस राहून येतात. जा, मनाला बरं वाटत असेल तर जा. पण पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःहूनच बऱ्यापैकी सावरत असतो, त्याचं श्रेय त्या दिवसांत जो समोर असेल त्याला मिळतं, मग तो बाबा असो, कबुतर असो की डॉक्टर. आणि तेच तीन महिने मेहनतीसाठी सगळ्यात मोलाचे असतात. ते प्रवासात गेले तर परत येत नाहीत.

गोळ्यांचं थोडक्यात सांगतो, कारण इथे जीव जाऊ शकतो. ताठरतेवर दोन गोळ्या जास्त दिसतात. बॅक्लोफेन आणि टिझानिडिन. दोन्हींनी झोप येते, अंग गळतं, आणि ज्या पायाच्या ताठरपणावर माणूस कसाबसा उभा राहतो तो पायही कधीकधी मऊ पडतो. बॅक्लोफेन अचानक बंद करायची नसते. भास होतात, फिट येऊ शकते. आमच्या ओळखीत एका घरात पट्टी संपली, इथे मिळाली नाही, भिवंडीला जायला चार दिवस कोणी रिकामं नव्हतं. चौथ्या रात्री आजोबा भिंतीवर माणसं बघायला लागले. घरच्यांना वाटलं बाधा झाली.

टिझानिडिनची गोष्ट आईची. एका आठवड्यात हात-पाय एकदम दुप्पट कडक झाले. फिजिओच्या मुलीने फोनवर पहिला प्रश्न विचारला, लघवीला जळजळ होते का? बद्धकोष्ठ आहे का? कुठे जखम, रुतलेलं नख, घट्ट चप्पल? ताठरता अचानक वाढली तर कारण बहुतेक वेळा हात-पायात नसतं, दुसरीकडे कुठेतरी शरीर त्रासलेलं असतं. आईला लघवीचा संसर्ग निघाला. आता लघवीच्या संसर्गावर आपल्याकडे सर्रास दिली जाणारी गोळी म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन. आणि सिप्रो आणि टिझानिडिन एकत्र द्यायचीच नसते. सिप्रोमुळे टिझानिडिनचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं, बीपी धाडकन खाली येतं, माणूस गुंगीत जातो. आमच्या डॉक्टरांनी "आधी चालू गोळ्या दाखवा" म्हटलं म्हणून वाचलो. चालू गोळ्यांची पट्टी पिशवीत घालून न्या, प्रत्येक वेळी, साध्या सर्दीलासुद्धा. आणि डॉक्टरने विचारलं नाही तर आपणच टेबलावर ठेवा.

मग इंजेक्शन. बोट्युलिनम टॉक्सिन, सिनेनट्या सुरकुत्यांसाठी घेतात तेच. मूळ हे एक जहर आहे. जर्मनीत खराब सॉसेज खाऊन माणसं मरायची, त्याचा अभ्यास युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने १८२० च्या दशकात केला आणि हे विष औषध म्हणून वापरता येईल असं तेव्हाच लिहून ठेवलं. पक्षाघातानंतरच्या मनगट-बोटांच्या ताठरतेवर ते उपयोगी पडतं हा मोठा अभ्यास २००२ मध्ये आला, अमेरिकेत हातासाठी २०१० मध्ये आणि पायासाठी २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. नेमक्या आवळलेल्या स्नायूत थोडंसं टोचतात, तो स्नायू काही काळ सैल पडतो. परिणाम काही दिवसांनी दिसायला लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो. मग पुन्हा.

मुंबईच्या डॉक्टरांनी आईला काय विचारलं सांगतो. "आजी, हात बरा झाला तर काय करायचंय?" आम्हाला वाटलं आई म्हणेल भाकरी. आई म्हणाली, "मूठ धुवायचीय. आणि बाही." डॉक्टर म्हणाले, हे जमेल. भाकरी जमेल असं मी सांगणार नाही. मला तो माणूस तेव्हाच आवडला. इंजेक्शन ताठरपणा काढतं, गेलेली ताकद आणत नाही. हे आधी स्पष्ट सांगितलं तर लोक फसत नाहीत. आम्हाला एका वेळचा खर्च पंचवीस हजारांच्या घरात सांगितला, कुठली कंपनी आणि किती युनिट यावर कमीजास्त होतो. बारा-पंधरा दिवसांनी मूठ निम्मी उघडली. तळवा सात महिन्यांनी नीट साबण लावून धुतला. आई कितीतरी वेळ स्वतःचाच तळवा बघत बसली.

पण इंजेक्शनच्या त्या तीन महिन्यांत रोज व्यायाम आणि रात्री पट्टी, म्हणजे स्प्लिंट, नसेल तर पंचवीस हजार पाण्यात. आणि व्यायाम करून घेणारी व्यक्ती भिवंडीत. म्हणजे गाडी पुन्हा त्याच खड्ड्यात येऊन थांबते. ज्यांना इंजेक्शन परवडत नाही त्यांच्यासाठी फिनॉलने नस बधिर करण्याचा जुना, स्वस्त उपाय आहे, फार तीव्र त्रास असेल तर पोटाच्या कातडीखाली पंप बसवून बॅक्लोफेन थेट मणक्यात सोडतात. ही नावं निदान माहीत असू द्या. "याला आता काही उपाय नाही" असं कोणी म्हटलं तर विचारायला शब्द असावेत.

एक वेगळी गोष्ट मध्येच. इथून जवळच्या एका पाड्यावर पन्नाशीतल्या एका माणसाचा डावा हात आणि पाय अचानक उडायला लागला. आवळणं नाही, उलटंच, फेकल्यासारखा. झोपला की शांत. भगताला बोलावलं, कोंबडं झालं. तो बिचारा सारखा सांगत होता, "मी नाही करत, आपोआप होतंय." मेंदूच्या आत खोलवर, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या गाठींमध्ये छोटासा पक्षाघात झाला की असं होऊ शकतं. साखर बेफाम वाढली तरीही होतं, म्हणून अशा माणसाची साखर आधी तपासायची. हे क्वचितच होतं, पण बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत आपोआप कमी होतं आणि त्यावर गोळ्या आहेत. दुसऱ्या काही जणांत महिन्यांनी, वर्षांनीही हात पिळवटल्यासारखा वळायला लागतो. मुद्दा एवढाच की 'अंगात आलं' म्हणायच्या आधी न्यूरॉलॉजिस्टपर्यंत एक चक्कर व्हायला हवी. तो माणूस आता शेतावर जातो.

मला राग कशाचा येतो सांगू? हे शास्त्र आपल्यापासून लांब कुठे जन्मलेलं नाही. कमला निंबकर यांचं नाव किती जणांनी ऐकलंय? मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्न करून निंबकर झाल्या, इथल्याच झाल्या, आणि १९५० मध्ये परळच्या केईएममध्ये देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. तिथेच १९५३ मध्ये फिजिओथेरपीची शाळा आली, पोलिओची साथ तेव्हा ताजी होती. १९५५ मध्ये हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था उभी राहिली, आजही आहे. जाऊन बघा, तिथे पट्ट्या, कॅलिपर, खुर्च्या, व्यायाम, सगळं एका आवारात मिळतं. परळ ते गणेशपुरी ऐंशी-नव्वद किलोमीटर. सत्तर वर्षांत ही विद्या एवढं अंतर चालून आली नाही.

"घरच्यांना शिकवा, ते करून घेतील" असं उत्तर मिळतं. मलाही ते पटण्यासारखं वाटलं असतं, पण ते आपल्याच देशात तपासून झालंय. अटेंड नावाचा अभ्यास, देशातली १४ हॉस्पिटलं, १२५० रुग्ण, निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापले. घरच्यांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर नेहमीसारखे उपचार मिळालेल्यांच्या तुलनेत काही फरक नाही. दोन्हीकडे जवळपास निम्मे लोक एकतर गेलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून. घरच्यांनी करू नये असा याचा अर्थ नाही. आमच्याकडे माझी बायको नसती तर आईच्या तळव्याला जखम होऊन किडे पडले असते. पण सुनेवर, लेकीवर सोपवून सरकारने हात झटकायचे, हे चालत नाही, एवढं त्या आकड्यांनी सांगितलं.

कागदावर तर सगळं आहे. वयोवृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची ओपीडी आणि ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर पुनर्वसन कर्मचारी, त्याने अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायचं, असं लिहिलेलं आहे. दुसरा एक राष्ट्रीय कार्यक्रम होता, कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघाताचा. २०२३ मध्ये त्याचं नाव सुटसुटीत केलं, असंसर्गजन्य आजार. नावातून पक्षाघात गेला. गावातून जायचाय अजून.

पैसे नाहीत असंही नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गणेशपुरी, वज्रेश्वरी, अकलोली ही देवस्थानाची, लॉजची, पर्यटकांची गावं, घरपट्टी बऱ्यापैकी जमते. त्या पाच टक्क्यांतून बहुतेक वर्षअखेरीस खुर्च्या, काठ्या, नाहीतर थेट रक्कम वाटतात आणि फोटो काढतात. तीन-चार ग्रामपंचायतींनी ते एकत्र केले तर आठवड्यातून दोन दिवस भिवंडीहून फिजिओथेरपिस्ट बोलावता येईल. खोली लागेल एक. गरम पाणी तर देवाने फुकट दिलंय, मापून, थंड मिसळून, कठड्याला धरायचा दांडा लावून एक छोटं कुंड अशा माणसांसाठी करता येईल. आधी गरम पाणी, मग लगेच शेजारच्या खोलीत व्यायाम. ही सोय मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलांत पैसे मोजून मिळते.

आणि दिव्यांग प्रमाणपत्र. ४० टक्क्यांच्या वर असेल तर बरेच दरवाजे उघडतात, संजय गांधी निराधार योजना त्यातलाच. आम्हाला सहा महिने झाल्यावर या असं सांगितलं होतं. वारं गेलेली माणसं स्वतःला दिव्यांग समजत नाहीत, "मी आजारी आहे" म्हणतात, म्हणून अर्जच करत नाहीत. मग पंचायतीच्या यादीत त्यांची नावं नसतात, आणि ग्रामसेवक म्हणतो, "आमच्याकडे असे रुग्णच नाहीत."

म्हणून यादी करतोय. आतापर्यंत ३१ घरं झाली. सगळ्यात लहान माणूस ३४ वर्षांचा, गोदामात हमाली करायचा. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी असेल तर गाव, वय, किती महिने झाले, हात उघडतो का, टाच टेकते का, प्रमाणपत्र आहे का, एवढं मला मेसेज करा. नावं कॉमेंटमध्ये टाकू नका. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाच टक्के निधीचा मागच्या तीन वर्षांचा हिशेब आणि फिजिओथेरपिस्टचा ठराव असे दोन विषय लेखी दिलेत. ग्रामसेवकांची पोच माझ्याकडे आहे. कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा निदान तेवढे लोक तरी या. शक्य असेल तर ज्यांच्यासाठी चाललंय त्यांनाही खुर्चीवर बसवून आणा. काखेत हात घालून उचलू नका.